धरण भरलंय का

तुम्ही रविवारी धरणावर निघालाय म्हणून सांगते. मागे एकदा आम्हीही गेलो होतो. आमचे हे नाइट करून बोईसरला कंपनीच्या बसमधून उतरले आणि आंघोळ करून तसेच आमच्याबरोबर निघाले. बांधाखाली झाडाजवळ चटई टाकली. पोरीला म्हणाले, "जरा पडतो, मग वर पाणी बघायला जाऊ."

आम्ही दोघी वर जाऊन आलो तरी हे गाढ झोपलेले. उठवायचा जीव होईना मला. संध्याकाळी वॉचमनच्या शिट्टीने जागे झाले, तेव्हा लोकांना वर सोडणं बंद झालं होतं.

"एक हाक मारायची ना गं," एवढंच म्हणाले.

घरी आलो तर शेजारच्या भाऊंनी विचारलं, "काय, धरण भरलंय का?"

"भरलंय की," हे हसत म्हणाले.

मग दार लावून मला हळूच विचारलं, "भरलंय ना गं?"