पाच घरची

नाही, नाही, ते व्हाइटनर आधी पर्समध्ये ठेवा. माझ्या टेबलावर ते नको. खोडण्यासारखं काही नाहीये नव्या पदवीच्या त्या अर्जावर, मॅडम — जे लिहिलंय ते डोकं ठिकाणावर ठेवून लिहिलंय, आणि डोळ्यांत तेल घालून तीनदा वाचलंय. बसा. ते स्टूल नको, त्याचा एक पाय आखूड आहे, ही खुर्ची घ्या. तीन मजले चढून आलात, दम लागला असेल. वास येतोय ना? अमोनिया आहे, शेजारच्या लॅबमधला. पाच मिनिटांत नाक मरतं, मग काही वाटत नाही. मला तेहतीस वर्षं झाली, मला आता बाहेरच्या हवेलाच वास येतो.

हं, तर तुमच्या ऑफिसचं म्हणणं काय — 'पालक विभाग' या चौकोनात एकच नाव पाहिजे. मी पाच लिहिली. रसायन, भूगोल, स्थापत्य, कायदा, इतिहास. शेवटचा इतिहास चौकोनाबाहेर गेलाय, मान्य आहे. मग? चौकोन लहान आहे हा माझा दोष? तुमच्या कॉम्प्युटरने तर कहरच केला, ठरावीक अक्षरं झाली की पुढचं सगळं छाटतो तो — तुमच्या कच्च्या यादीत आमची पदवी कशी छापून आली, पाहिलीत? 'रसायन, भूगोल, स्थाप'. स्थाप! स्थापत्यवाले सर दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते, जसं काही त्यांचा 'त्य' मीच खिशात घालून नेला. हसा, हसा. मीही हसले होते. पण कायदा आणि इतिहास तर मुळातच गायब, आणि त्यांच्याकडून मात्र कोणी विचारायला आलं नाही. तिथे मला हसू नाही आलं.

माहीत आहे हो, आज शेवटचा दिवस. पाच वाजेपर्यंत अर्ज स्वीकारला गेला नाही तर यंदाच्या प्रवेशपुस्तिकेत पदवी नाही. आणि यंदा नाही म्हणजे कधीच नाही, कारण चार महिन्यांनी मी निवृत्त होणार, आणि मी गेले की ही फाईल कोण उघडणार? कोणी नाही. चार वर्षं चपला झिजवल्यात मी हिच्यासाठी. ह्या इमारतीतून त्या इमारतीत, ह्या समितीतून त्या समितीत — बारा गावचं पाणी प्यायलेली म्हणतात ना, ती मी. आणि पदवी कशाची, तर पाण्याचीच! तीन वर्षं, फक्त पाणी. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाने घरच्या नळाची एक बाटली भरून आणायची. मी सांगणार त्यात काय विरघळलंय. स्थापत्यवाले सांगणार ते कुठल्या पाइपातून आलं. भूगोलवाले म्हणणार, थांबा, पाइपात येण्याआधी ते कुठे होतं? कायद्याचे सर विचारणार, खराब निघालं तर पकडायचं कोणाला? आणि इतिहासाच्या बाई म्हणणार, ह्या गल्लीला नळ आधी आणि त्या गल्लीला वीस वर्षांनी, असं का? एक बाटली, मॅडम. पाच विभागांना पुरून उरते.

कल्पना कोणाला आवडली नाही असं नाही, सगळ्यांना आवडली! बैठकीत माना काय डोलवल्या सगळ्यांनी. आणि लगेच दुसऱ्या वाक्याला काय — 'मग पहिलं सत्र तुमचं, दुसरं आमचं, तिसरं त्यांचं.' आळीपाळीने! म्हटलं, बिलकूल नाही. वाटण्या करायच्या नाहीत. प्रत्येक तासाला वर्गात दोन शिक्षक, दोन वेगळ्या विभागांचे, एकाच फळ्यासमोर. आकाश कोसळलं जणू. दोन शिक्षक? मग हजेरी कोण घेणार? बघा, चार वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न कुठला असेल तर हा — हजेरी कोण घेणार! जो आधी येईल तो घेईल, म्हटलं, निदान त्या निमित्ताने कोणीतरी वेळेवर येईल.

गेल्या वर्षी एक तास घेऊन पाहिला, कायद्याचे सर आणि मी. मी म्हटलं, हे पाणी शुद्ध नाही. ते म्हणाले, शुद्ध म्हणजे कुठल्या कलमाप्रमाणे? म्हटलं, कलमाप्रमाणे नाही हो, परीक्षानळीप्रमाणे! ते म्हणे, परीक्षानळी साक्षीला उभी राहत नाही, बाई. असे भांडलो आम्ही — खरंच भांडलो, नाटक नव्हतं ते — आणि घंटा झाली तरी एक मुलगी उठेना. म्हणाली, तुम्ही दोघंही एकाच वेळी बरोबर कसे? त्या एका प्रश्नासाठी मी आणखी चार वर्षं जिने चढेन. गुडघे काय, बोंबलतातच.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं आहे तर लिहा ना एक नाव. नुसता कागदच तर आहे. भूगोलवाले सरही तेच म्हणाले, माणूस चांगला आहे, वाईट हेतू नाही — 'द्या आमच्याकडे, आम्ही सांभाळू.' सांभाळू! हाच शब्द. मला माहीत आहे सांभाळणं कसं असतं. एका घराचं नाव लागलं की बाकीची चार घरं पाहुण्यासारखी येतात, मॅडम. आधी वरचेवर, मग सठीसामाशी, मग नुसता निरोप. लॅब उरलीसुरली मिळणार, शिक्षक असे पाठवणार की ज्यांना त्यांच्या विभागातही कोणी विचारत नाही. आणि पोरांना म्हणणार, तुम्ही मूळचे कोणाचे? — 'मूळचे कोणाचे', हे विचारतात हो लोक. चहा देता देता विचारतात. चांगले लोक विचारतात.

डीन काय म्हणाले सांगू? भर बैठकीत, सगळ्यांसमोर — 'बाई, दोन घरचा पाहुणा उपाशी, आणि ही तुमची तर पाच घरची!' आणि सगळे खो खो हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. का म्हणजे? उकडत होतं.

नाही, उकडत नव्हतं. जाऊ दे, तुम्हाला सांगते, तुम्ही काय, अर्ज घेऊन जाणार आणि विसरणार. मी पाच घरची आहे, मॅडम. म्हणजे अक्षरशः. मी सहा वर्षांची असताना आईवडील दोघंही गेले, एकाच अपघातात. मग थोरले काका, आत्या, मामा, मावशी, धाकटे काका, सगळे एकत्र बसले आणि ठरवलं, सहा-सहा महिने. वाईट कोणी नव्हतं. ऐका नीट, वाईट कोणीच नव्हतं! जेवू घातलं, वह्या घेतल्या, मामीने तर केस विंचरले रोज. शाळेच्या रजिस्टरात 'पालकाचे नाव' असा चौकोन होता — असाच, एवढाच — त्यात पाच नावं लिहिली होती, पाच फोन नंबर, शेवटचं नाव समासात. धाकटे काका कायम समासात.

नऊ वर्षांची असेन. वर्गात ताप भरला. एवढा, की फळा हलायला लागला. मला प्रयोगशाळेतल्या बाकावर झोपवलं — नाही, म्हणून मी रसायन घेतलं असं काही नाही, उगाच गोष्ट रचू नका, रसायन मी घेतलं कारण मार्क चांगले पडले. तर शाळेतल्या क्लार्कबाई फोन लावत होत्या, मला पलीकडून ऐकू येत होतं. थोरले काका म्हणाले, ती सध्या आत्याकडे आहे. आत्या म्हणाली, आमचे सहा महिने कालच संपले, सामान मामाकडे गेलं. मामा म्हणाला, आमचं सोमवारपासून ठरलंय, आज तर शुक्रवार. मावशीचा फोन कोणी उचलला नाही. धाकटे काका परगावी. खोटं कोणी बोललं नाही, मॅडम. एक शब्द खोटा नाही. शाळा सुटली, वर्गांना कुलपं लागली, आणि शेवटी त्या क्लार्कबाईच मला उचलून त्यांच्या घरी घेऊन गेल्या. ज्यांचं नाव यादीत कुठेच नव्हतं त्या.

म्हणजे डीन बरोबरच बोलले. मला नाही कळणार तर कोणाला कळणार? पाच पालक म्हणजे शून्य पालक, हे मी बाकावर पडून शिकलेय. पण चूक पाच नावांत नव्हती हो! चूक त्या 'सोमवारपासून'मध्ये होती. वाटणीत होती. त्या शुक्रवारी पाचातले दोघं जरी एकदम शाळेच्या दारात आले असते, भांडत आले असते, तू का आलास, मी आलो होतो ना, असे तावातावाने आले असते — मला चाललं असतं! म्हणून दोन शिक्षक. म्हणून एका फळ्यासमोर. ही काही शिक्षणशास्त्रातली थोर कल्पनाबिल्पना नाही, प्रस्तावात मी पंधरा पानं काहीतरी भारदस्त लिहिलंय, ते सोडून द्या. खरं कारण हे आहे. हे कुठे लिहायचं, चौकोन आहे का त्याला?

तेव्हा एक नाव मी लिहिणार नाही. मेले तरी नाही. परत पाठवायचा तर पाठवा अर्ज, पुढच्या वर्षी मी निवृत्त बाई म्हणून काठी टेकत येईन आणि पुन्हा पाचच नावं लिहीन. तुमच्या त्या कॉम्प्युटरला सांगा चौकोन मोठा करायला, कॉम्प्युटर काय तुमचा सासरा आहे घाबरायला? आणि जबाबदारी कोणाची हे पाहिजे असेल तर पान उलटा. मागे संमतीचा रकाना आहे, पाचही विभागप्रमुखांच्या सह्या आहेत त्यात. इतिहासाच्या बाईंची तर मी दवाखान्याच्या पायरीवर घेतली, दाढ काढून आल्या होत्या, तोंडातला कापूस धरून त्यांनी सही केली. उलटा, उलटा, वाचा.

काय?

चार नाही, पाच आहेत. भूगोल, स्थापत्य, कायदा, इतिहास, आणि... द्या इकडे.

रसायन.

रसायनाची विभागप्रमुख कोण, असं विचारताय? मीच की.

विसरले असेन. घाईत राहिली असेल, सगळ्यांच्या मागे धावता धावता... नाही. विसरले नाही मी. खोटं कशाला बोलू, आता एवढं सांगितल्यावर. दोनदा पेन टेकवलं होतं. पण मी चार महिन्यांनी जाणार, मॅडम! ह्या वर्षी पोरं येतील, बाटल्या घेऊन येतील, आणि कधीतरी कोणालातरी काहीतरी लागेल, कोणीतरी फोन करेल, आणि रसायन म्हणेल — त्या बाई ना, त्या आता नसतात. तेही खोटं नसेल. म्हणून हात चालेना. दुसऱ्यांना चार वर्षं शिव्या घातल्या आणि न येणारी पहिली मीच निघणार.

पेन द्या. तुमचंच द्या, माझं गळतं.

ही घ्या सही. आणि हा खाली नंबर. ऑफिसचा नाही, घरचा आहे. रकान्यात जागा नाही, माहीत आहे, समासात लिहिते. दिसतोय ना? मोठा काढलाय मुद्दाम. तुमच्या यादीतही घाला. तो कॉम्प्युटर छाटणार असेल तर विभागाचं नाव छाटू दे, नंबर नाही. वार कुठलाही असो, कोणाला बरं नसेल, कोणी वर्गात एकटं बसलं असेल, तर चारही विभागांना लावा आणि मलाही लावा. मी उचलेन.

पुढच्या बाजूचा चौकोन मी बदललेला नाही, नावं पाचच आहेत, आणि शिक्का तुमच्या हातात आहे. मारायचा तर मारा, नाही तर तुमच्या साहेबांना सांगा, बाई ऐकत नाही. पावणेपाच झाले. अशा बघत काय बसलात? उठा. खाली उतरताना कठडा धरा, चौथी पायरी फुटलीय. आणि ते व्हाइटनर विसरून जाऊ नका इथे.