दोनशे चाळिसावा दिवस

संबोधी : आई, बाबा शिडीवर आहेत.

कौसल्या : माहीत आहे. मीच चढवलं. पत्रा सरकलाय, त्यावर विटा ठेवायच्यात.

संबोधी : आणि विटा खालून वर कोण नेतंय? तेच? परवा शेजारी प्रेमलताकाकूंकडे फोन केला तेव्हा तू म्हणालीस, बाबांना शर्टाची बाही घालता येत नाही. मी नाइट ड्यूटी करून महूहून पहिली बस पकडून आले, मतलब काय झालं बघायला. आणि इथे हे.

कौसल्या : परवा नव्हती येत बाही. आज येतेय. सकाळी शीळ घालत उठले. पाण्याची टाकी घासली, गव्हाची कोठी या भिंतीची त्या भिंतीला केली.

संबोधी : हेच बघून दादा म्हणतो, काल कण्हत होते, आज कोठी उचलतात, सगळं नाटक आहे. पंचशीलदादाला समजावून मी थकले. अशा दुखण्यात चांगला दिवस येतो ग. आमच्या वॉर्डात रोज बघते. त्या एका दिवसात माणूस आठवड्याची कामं उरकायला जातो आणि मग चार दिवस आडवा. आणि लोक तो एक दिवस लक्षात ठेवतात, बाकीचे सगळे खोटे धरतात. एक्स-रे साफ आला म्हणजे दुखत नाही असं नसतं. बोलव त्यांना खाली.

कौसल्या : साडेतीन वाजू दे.

संबोधी : साडेतीनला काय आहे?

कौसल्या : पहिली पाळी सुटते.

संबोधी : कुठली पाळी? मिल बंद पडून आठ वर्षं झाली.

कौसल्या : बस इथे. लक्ष्मण आठवतो तुला? बाबांचा बदलीवाला.

संबोधी : बेटम्याहून सायकलवर यायचा तो? मला पेरू आणायचा.

कौसल्या : तोच. रोज सकाळी फाटकावर हजर. कोणी रजेवर असलं तर त्याच्या लूमवर उभा, नाहीतर सायकल फिरवून परत बेटमा. जास्त करून बाबांच्याच लूमवर. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की बदलीवाला पक्का, कायम नोकरीवर, असा कायदा होता. म्हणून भरत आले की माणसं कामावर लावणारे जॉबर लोक दिवस तोडायचे. कोणाला दोनशे तीसवर घरी बसव, कोणाला पस्तीसवर. दहा वर्षांपूर्वी लक्ष्मणचे दोनशे एकोणचाळीस झाले होते. वर्षाचा शेवटचा दिवस आणि खात्यात एकच लूम रिकामं, आपलं. बाबांना ताप होता.

संबोधी : आणि तरी बाबा कामावर गेले. तेव्हाच पाठ गेली ना त्यांची? हे मला ठाऊक आहे.

कौसल्या : गेले नाहीत. पाठवलं. आदल्या संध्याकाळी उदयसिंह जॉबर घरी आला. म्हणाला, उद्या नथूला पाठवा, नाहीतर हा बदलीवाला पक्का होईल, आणि मिलने माणसं कमी करायला घेतली की पहिली जागा कोणाची जाते ते बघा. बाबा नको म्हणत होते. म्हणाले, पोराचा एकच दिवस राहिलाय, मिळू दे त्याला. मी दोन गोळ्या दिल्या, डबा हातात दिला आणि म्हटलं, तुमच्या स्वतःच्या दोन पोरांचं काय? दहा वाजता सुताचा बीम उचलताना ते खाली बसले.

संबोधी : हे तू कधीच सांगितलं नाहीस.

कौसल्या : कोणत्या तोंडानं सांगू? ते दुखतंय म्हणाले की मी भांडी आपटायची. दुखतंय हे मानलं असतं, तर ते कोणी दिलं हेही मानावं लागलं असतं. नाटक हा शब्द पंचशील माझ्याकडूनच शिकला.

संबोधी : आई, रडू नको.

कौसल्या : रडत नाहीये. पुढचं ऐक. पाच वर्षांपूर्वी लक्ष्मण गेला. काविळीनं. त्याच आठवड्यात बाबांना पहिला चांगला दिवस आला. सकाळी ताडकन उठून बसले. म्हणाले, लक्ष्मण आला होता, म्हणाला, नथूभाई, आज तू बैठ, मैं खड़ा हूँ. मी हसले. मग आठवड्याला असा एखादा दिवस यायला लागला. सकाळी सातला सुरू, साडेतीनला खतम. साडेतीनला दुखणं परत. मी कॅलेंडरवर खुणा करत गेले. पाच वर्षांची कॅलेंडरं पेटीत आहेत, बघ हवं तर.

संबोधी : आपल्या घरात भूतखेत मानत नाहीत. बावीस प्रतिज्ञा तूच माझ्याकडून पाठ करून घेतल्यास.

कौसल्या : मला अजून पाठ आहेत. मी मानत नाहीये ग, मी फक्त मोजतेय. आज दोनशे चाळिसावा.

संबोधी : पण ते वर्षात भरावे लागतात, तूच म्हणालीस.

कौसल्या : मिल असती तर वर्षात. आता वर्ष कोण बघतंय?

संबोधी : बरं, भरले. मग?

कौसल्या : मग तो पक्का. जागा त्याची. चांगल्या दिवशीचा माणूस तू नीट बघितलास कधी? विडी डाव्या हातात धरतो. पोह्यांवर शेव दोनदा मागतो. गोड बोलतो, गमती करतो. खरं सांगते, मला आवडायचा. मी वाट बघायचे त्या दिवसाची. मागच्या महिन्यात सहज विचारलं, पंचशील झाला तेव्हा आपण कुठल्या खोलीत होतो हो? म्हणाले, मला काय माहीत, मैं तो बेटमे में था.

संबोधी : चेष्टा केली असेल.

कौसल्या : हसले नाहीत.

संबोधी : थांब जरा. टाकी, कोठी, आता शिडी. हे सगळं तू मुद्दाम करायला लावलंस? त्यांची पाठ भरून यावी म्हणून?

कौसल्या : साडेतीनच्या आत दुखायला लागलं की दिवस तुटला. दुखणं आलं म्हणजे बाबा हजर. जॉबरचीच विद्या आहे, नवीन काही नाही.

संबोधी : कमाल करतेस आई. वरून पडले असते तर? बाबा, खाली या. राहू द्या त्या विटा.

नथू : आलो, बेटा.

(नथू आत येतो, मोरीवर हात धुतो आणि पाठ कशालाही न टेकता जमिनीवर मांडी घालून बसतो. घड्याळात सव्वातीन.)

नथू : झालं पत्र्याचं. एकदम पक्कं काम. आता वादळ आलं तरी हलत नाही.

संबोधी : बाबा, पाठ कशी आहे?

नथू : पाठीला काय धाड भरलीय? बढ़िया आहे. भाभी, थोडा चहा मिळेल?

संबोधी : बाबा, भाभी कोणाला म्हणता?

कौसल्या : गप, संबोधी. लक्ष्मण मला भाभी म्हणायचा.

नथू : ओसरीत सिलिंडर आहे ना, तोही आत आणून देतो. सकाळी म्हणाला होतात तुम्ही.

कौसल्या : राहू द्या.

नथू : एका दमात आणतो.

कौसल्या : नको म्हटलं ना. बसा. आता तुमच्याकडून काही उचलून घेणार नाही.

संबोधी : आई, अजून दहा मिनिटं आहेत. तूच म्हणालीस...

कौसल्या : म्हणाले. पण एकदा तोडला याचा दिवस. दुसऱ्यांदा नाही तोडवत. लक्ष्मणभाऊ, ऐका. त्या दिवशी नथू येत नव्हते. मी पाठवलं. तुमचा दिवस मी खाल्ला. तुम्ही जिवंत होतात तेव्हा बेटम्याला येऊन सांगायला पाहिजे होतं. माझी हिंमत झाली नाही.

नथू : मालूम था.

कौसल्या : कसं?

नथू : फाटकावर नथूभाई बोलला. तापानं थरथरत होता. म्हणाला, लक्ष्मण, घरून पाठवलंय रे, राग धरू नको. मी कशाला राग धरू? ही एवढीशी होती तेव्हा, दोन वेण्या घालून. मी परत गेलो नाही त्या दिवशी, सायकल धरून फाटकावरच थांबलो. मग त्याला चौघांनी उचलून बाहेर आणला. मला वाटलं, ये तो मेरी जगह थी. जो लगी, मुझे लगनी थी.

संबोधी : बाबा, हात द्या इकडे. आई, हात बर्फासारखा आहे.

नथू : किती वाजले?

संबोधी : साडेतीनला दोन मिनिटं.

कौसल्या : मला एक सांगा. चांगल्या दिवशी ते कुठे असायचे?

नथू : फाटकावर. बदलीवाला जिथे उभा राहतो तिथे. कंबर धरून.

कौसल्या : म्हणजे त्या दिवशीही दुखत होतंच?

नथू : ते कुठे जाणार? तुम्हाला दिसत नव्हतं, इतकंच. आताही दारात उभा आहे. आत येऊ का विचारतो.

संबोधी : दारात कोणी नाही, आई.

कौसल्या : असू दे.

नथू : भाभी, दिवस भरले माझे. जागा आता माझी. मी राहिलो तर कोठ्या उचलीन, पत्रे ठोकीन, रात्री तुमची झोप मोडणार नाही. तो आला तर दुखणं घेऊनच येईल, एकटा येणार नाही. उद्या बाही पण तुम्हालाच घालावी लागेल. तुम्ही सांगा. जे म्हणाल ते. मी राग धरणार नाही.

संबोधी : साडेतीन झाले.

कौसल्या : लक्ष्मणभाऊ, माफ करा मला. तुमच्यासारखा माणूस कोणाला नको असेल? पण ते दहा वर्षं दारात उभे आहेत, आणि मी दार लावून बसले होते.

नथू : समझ गया, भाभी. उठतो मी.

कौसल्या : संबोधी, खाटेवरची गादी काढ, चटई घाल. गुडघ्यांखाली ठेवायला उशी आण. आणि त्या दारातून जरा बाजूला हो.

संबोधी : आई, तिथे खरंच...

नथू : आई ग. कौसल्या. कंबर. धर मला.

कौसल्या : धरलंय. सावकाश टेका. घाई नाही. आता नेमकं कुठे दुखतंय ते मला सांगा, मी ऐकतेय.