वर्गणीचे गुण

परळीच्या स्टेशनात हैदराबादच्या गाडीची वाट बघत दोघं बाकावर बसले होते.

"कुठं निघालात, आप्पा?"

"हैदराबादेला. पोराला माघारी आणाया."

"कावून? वर्गात पैला आल्ता न्हवं तुमचा सोपान?"

"आल्ता. शाळेवर पत्रे घालायचे व्हते. मास्तर म्हनले, जो वर्गणी जमवील त्याला हिसाबाचे गुण वाढवून देतो. ह्यो दारोदार हिंडला. सगळ्यात जास्त ह्यानंच आणली."

"मग चांगलंच केलं की त्यानं."

"मी बी तसंच म्हनलो, खाजामियाँ. महिनाभर पुस्तक उघडलं न्हाई, तरी पैला आला. मी गावात गूळ वाटला. म्होरं शिकाया हैदराबादेला धाडला."

"तिथं काय बिनसलं?"

"तिथल्या मास्तरानं फळ्यावर हिसाब घातला. ह्याला सुटंना. भाचा त्याच वर्गात हाय, त्यानं सांगितलं. मास्तरानं इचारलं, मग तुला येतं तरी काय?"

"काय म्हनला?"

"म्हनला, मागता येतं."

"मग?"

"सारी पोरं हसली. लेकरानं खरं तेच सांगितलं व्हतं."