राहिला नाही, सोडला

— नाही साहेब, चूक प्रोग्रामची नाही, माझी. बसा ना, उभ्याउभ्या फाइलवर सही होत नाही. तुम्ही कालच रुजू झालात, म्हणून सांगते. मागच्या महिन्यात ज्येष्ठांच्या पाहणीचा अहवाल गेला ना, त्यात एक प्रश्न होता — काल किती माणसांशी बोललात? बाराशे फॉर्म आले, त्यातल्या दोनशे ऐंशी जणांनी तेवढा एकच रकाना कोरा ठेवला. आता कोरा रकाना म्हणजे प्रोग्रामच्या घशात अडकलेलं माशाचं हाड. सरासरी विचारा, तो म्हणतो, माहीत नाही. बेरीज विचारा, माहीत नाही. अगदी माझ्या नवऱ्यासारखं! मग मी काय केलं? एका ओळीची आज्ञा लिहिली — जिथे जिथे कोरं, तिथे तिथे सरासरी भर. सरासरी होती पाच. एंटर दाबलं आणि दोनशे ऐंशी म्हातारी माणसं एका झटक्यात पाच-पाच जणांशी बोलून मोकळी झाली! सगळे खूश. अहवालात छापलं, बाराशेत एकटे फक्त वीस. आणि त्यांच्यासाठी बसायची, गप्पांची जी खोली होणार होती, ती झाली रद्द. गरजच काय, म्हणे.

मग फाइल मिटण्याआधी मी सहज शेरे वाचत बसले. वाचायचे नसतात, कोणी वाचत नाही, पण करमणूक असते हो. एकाने लिहिलं होतं, 'तुमच्या माणसाची चप्पल आमच्याकडे राहिली आहे.' आणि एका फॉर्मवर — 'प्रश्न सातमध्ये ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका. सुधाराव्यात.' मी हसले. मग हसू थांबलं. कारण असं लिहिणारा माणूस जगात एकच — आमचे बाबा. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक, लग्नपत्रिका आली तरी आधी लाल पेन काढणार. त्या माणसाने फॉर्मचा कानाकोपरा भरलाय, चष्म्याचा नंबरसुद्धा दोन्ही डोळ्यांचा — आणि तोच एक रकाना कोरा. आणि त्यात माझे पाच!

फोन केला. म्हटलं, बाबा, एक रकाना राहिला की तुमचा. म्हणाले, "राहिला नाही, सोडला." का? तर — "तू त्याच ऑफिसात. शून्य लिहिलं असतं तर तुला वाचावं लागलं असतं."

नाही नाही, पाणी नको. ऐका पुढे. दुसऱ्या दिवसापासून मी त्या सगळ्यांना फोन लावले — हो, ऑफिसच्या फोनवरून, बिलाचं तुम्ही बघा. एक शिंपीकाका म्हणाले, गिऱ्हाइकं मोजत बसू का कपडे शिवू? एक आजी म्हणाल्या, शून्य लिहिणार होते, पण फॉर्म आणणारा मुलगा समोर बसलेला, त्याला वाईट वाटलं असतं. अशा किती! दोनशे ऐंशीतले दोनशे तीस शून्य निघाले. विसरून कोरं ठेवणारे वेगळे आणि लाजून ठेवणारे वेगळे, साहेब — सरासरीला त्यातलं काय कळणार? आता विसाचे अडीचशे झालेत. शिवाय मी एक नवा रकाना जोडलाय — उत्तर आधी कोरं होतं की नाही, त्याचा. म्हणजे पुढे कोणी फाइल उघडली, तर काय भरलेलं आहे आणि काय सांगितलेलं आहे, ते दिसेल.

काय म्हणालात? बाबांचं काय लिहिलं? — शून्य. आता मी रोज फोन करते, पण प्रश्न होता फॉर्म भरला त्याच्या आदल्या दिवसाचा. तारीख पाहिली मी. रविवार होता. सुट्टी. दुपारभर मी कपाट आवरत होते.

बरं, सुधारित अहवाल हा, सही खाली डावीकडे. करायची तर करा, नाहीतर फाइल ठेवा आणि निघा — मला तीनच्या आत हे सगळं परत एकदा चालवून बघायचंय.