सहाशे चौदा सैनिक विकणे आहेत

नवरा — हे बघ, हे पाचवं गिऱ्हाईक. दुपारी विचारलं, ‘आहे का?’ मी लिहिलं, ‘आहे.’ तेव्हापासून गप्प.

बायको — तुम्ही नुसतं ‘आहे’ लिहिता. पुढे दोन गोड शब्द लिहावेत माणसाने.

नवरा — आधीच्याला लिहिले होते की. सतरा फोटो पाठवले, पुढून, मागून, बाजूने. शेवटी म्हणतो, नुसते घोडे देता का? वरचे स्वार नकोत.

बायको — मग द्यायचे घोडे!

नवरा — अगं, स्वार चिकटवलेले आहेत घोड्यांना. वीस वर्षं बसलेत ते तसेच.

बायको — बरं, बाकीचे?

नवरा — एकजण बदल्यात जुनी सायकल देतो म्हणतो. एका बाईला केकवर लावायला आठच हवेत, तेही हसरे. आणि एकाने फक्त लिहिलंय, ‘शेवटचा बोला.’ अरे बाबा, पहिला तरी वाच.

बायको — एक ना धड, भाराभर चिंध्या. माझं शिलाई मशीन कसं एका दिवसात गेलं! सकाळी फोटो टाकला, संध्याकाळी दोन माणसं येऊन उचलून घेऊन गेली. हॉस्पिटलात पैसे भरायची सोय झाली. आता नुसती तिकिटं राहिलीत, तर तुमचे हे बाहुले जागचे हलत नाहीत.

नवरा — मशीन सगळ्यांना लागतं. हे कुणालाच लागत नाहीत. ज्याला हवे असतात, त्याला फार हवे असतात. तो माणूस सापडला पाहिजे.

बायको — कधी सापडणार? आज बुधवार. सोमवारी सकाळी आठला पोरीला ऑपरेशनला आत घेणार. शुक्रवारची गाडी चुकली की पोचेपर्यंत मंगळवार उजाडतो. गाठ काढायची म्हणजे काय पायातला काटा काढायचाय? फॉर्मवर सही करायला जवळचं माणूस लागतं, असं तिनेच सांगितलं ना तुम्हाला?

नवरा — सांगितलं. पण लगेच म्हणाली, येऊ नका, शेजारीण करेल सही.

बायको — शेजारीण! आईबाप जिवंत असताना शेजारीण सही करणार.

नवरा — म्हणून तर विकतोय ना मी?

बायको — विकताय, पण कसे! ‘अत्यंत काळजीपूर्वक जतन केलेले, जाणकारांनीच संपर्क साधावा.’ असं लिहिल्यावर कोण साधतो संपर्क? घाबरतात लोक.

नवरा — मग काय लिहू? ‘पोरीच्या आईला गाडीत बसायचंय, काय वाटेल ते द्या’?

बायको — लिहा की! गरजवंताला अक्कल नसते, आणि लाज तर त्याहून नसावी. वाजतोय बघा तुमचा फोन.

नवरा — अनोळखी नंबर आहे. स्पीकरवर टाकतो, तू मध्ये बोलू नकोस. हॅलो?

गिऱ्हाईक — सैनिकांची जाहिरात तुमचीच ना? सहाशे चौदा नग?

नवरा — हो, हो, माझीच. टेबलावर दोन फौजा मांडून, फासे टाकून लढाई खेळतात, त्यातले आहेत. अंगठ्याच्या पेराएवढा एकेक—

गिऱ्हाईक — माहितीये हो, बारा वर्षं खेळतोय मी. मोडतोड?

नवरा — एक निशाणवाला. त्याच्या काठीच्या जागी टाचणी लावलीये. दिसत नाही.

गिऱ्हाईक — रंग कुणी दिलाय?

नवरा — मीच. चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो, त्यामुळे भिंग लावून काम करायची सवय आहे. एकेकाला तीन-तीन तास दिलेत. कोटाची बटणंसुद्धा वेगळी दिसतील तुम्हाला.

गिऱ्हाईक — दिसली फोटोत. रंग वाईट नाही. पण असं बघा, तो तुमचा आहे. मला माझा द्यायचाय. आमच्या मंडळाची फौज हिरवी असते. तुमचे निळे-तांबडे घेतले, तर ते खरवडत बसायचं काम माझ्या गळ्यात. रंगासकट देणार असाल तर निम्म्या भावात द्या. कोरे करून दिलेत तर जाहिरातीतला भाव, एक पैसा कमी करणार नाही.

नवरा — कोरे म्हणजे, सगळेच्या सगळे?

गिऱ्हाईक — सगळे. निघेल ना रंग?

नवरा — निघतो हो. थिनरमध्ये दोन तास बुडवून ठेवला की घोड्याच्या आयाळीतनंही निघतो. मग ब्रशने घासायचं. पण एकदा गेला की गेला.

गिऱ्हाईक — जायलाच हवाय. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. परवा सकाळी गाडी घेऊन येतो आणि रोख देतो. ठेवतो.

बायको — अहो, हो म्हणायचं होतं की लगेच! त्या भावात दोघांची तिकिटं निघतील.

नवरा — ऐकलंस ना काय म्हणाला? रंगासकट निम्मा भाव आणि रंगाशिवाय पूर्ण. म्हणजे माझ्या कामाची किंमत शून्यसुद्धा नाही. शून्याच्या खाली आहे.

बायको — त्याच्या बोलण्याचं काय मनावर घेता?

नवरा — बावीस वर्षं, प्रत्येक रविवारी. तू म्हणायचीस, एवढ्या वेळात घराला तीनदा रंग देऊन झाला असता. तेव्हाही मी हसलो. मला वाटायचं, कधीतरी कुणीतरी ओळखणारा भेटेल. आज भेटला. ओळखलंही त्याने. आणि म्हणाला, पुसून द्या.

बायको — मला कळत नाही असं नाही हो. पण आत्ता मला दुसरं काही दिसतच नाही.

नवरा — उद्या सांगतो. दुकानात बसून विचार करतो जरा.

बायको — तुम्ही करा विचार. तिने फोन तुमच्या दुकानावर केला, घरी नाही केला. त्याचा अर्थ मला कळतो. म्हणूनच मला जायचंय.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. नवरा नुकताच कामावरून आला आहे.)

नवरा — ऐकतेस का? केला फोन त्याला. हो म्हणून टाकलं.

बायको — खरंच? मला ठाऊक होतं, तुम्ही हो म्हणणार. या, बसा आधी. मीही एक काम करून ठेवलंय.

नवरा — बसतो. ही बाटली नीट ठेव. अर्ध्या गावात हिंडलो तेव्हा मिळाली. आज भिजत घालू, सकाळी लवकर उठून दोघं मिळून घासू. दहाला येतोय तो.

बायको — हे कसलं औषध? थिनर म्हणाला होतात ना तुम्ही?

नवरा — थिनर घोडदळाला. ते धातूचं आहे. पायदळ प्लॅस्टिकचं, त्याला थिनर चालत नाही. विरघळतं. त्याला हे सौम्य लागतं.

बायको — पायदळ प्लॅस्टिकचं आहे?

नवरा — हो. का गं? अशी खाली का बसलीस?

बायको — किती आहे पायदळ?

नवरा — चारशे आठ. चक्कर आली का? आणि हा वास कसला येतोय घरात?

बायको — न्हाणीघरात जाऊ नका. अहो, तुमच्या पाया पडते, आधी माझं ऐकून घ्या. जाऊ नका आत—

नवरा — हे काय?

बायको — मी दोन डबे आणले थिनरचे. तुम्ही फोनवर सांगितलंत तस्संच केलं. दोन तास घड्याळ लावून.

नवरा — हा गोळा... हे ढोलवाले आहेत. ही त्यांच्या टोपीची कड आहे ना?

बायको — मला वाटलं, तुम्ही हो म्हणणारच आहात. मग निदान तुमच्या हाताने तुम्हाला ते करावं लागू नये. तुम्ही याल तेव्हा सगळं आटोपलेलं असेल, तुम्हाला नुसता कोरा माल दिसेल. म्हणून केलं हो.

नवरा — हाताला हलके लागले नाहीत तुला?

बायको — लागले ना. पण मला वाटलं, हे चालत जाणारे, ते हलकेच असणार. घोडा जड. हसताय तुम्ही?

नवरा — मग काय करू? बावीस वर्षांत मला सुचलं नव्हतं हे.

बायको — हसू नका असं. मला भीती वाटते. ओरडा माझ्यावर, वाट्टेल ते बोला.

नवरा — नाही ओरडवत. रडू येतंय मला, ते दाबायला हसतोय. तुझे हात दाखव. हातमोजे घातले नव्हतेस?

बायको — राहू द्या हात.

नवरा — कातडी सोलवटलीये सगळी! चल, नळाखाली धर. किती वेळ घासत होतीस?

बायको — दोन वाजल्यापासून. घोडे मात्र स्वच्छ झालेत, दोनशे सहाच्या दोनशे सहा. स्वार तेवढे सुटे झाले त्यांच्यावरून.

नवरा — डिंकही गेला असेल.

बायको — मग त्या नुसते घोडे मागणाऱ्याला विचारा ना! आत्ताच्या आत्ता विचारा!

नवरा — त्याने कधीच दुसरीकडून घेतले असतील. आधी ह्याला सांगायला हवं.

बायको — सांगू नका त्याला. सकाळी खोकं बंद करून द्या हातात.

नवरा — उघडून बघणार नाही का तो? आणि आपण काय तोंडाला पानं पुसणारी माणसं आहोत? हॅलो? हो, मीच बोलतोय. जरा गडबड झालीये. पायदळ विरघळलं.

गिऱ्हाईक — विरघळलं म्हणजे?

नवरा — थिनरमध्ये गेलं. घरात कुणाला माहीत नव्हतं. घोडदळ आहे, दोनशे सहा. कोरं करकरीत.

गिऱ्हाईक — असं बघा, मला पूर्ण फौज हवी होती. पायदळाशिवाय घोडे घेऊन मी काय करू? राहू द्या मग.

बायको — इकडे द्या तो फोन. हॅलो, दादा, ठेवू नका. चूक माझी आहे, ह्यांची नाही. ह्यांनी त्या सैनिकांना कधी साधा ओरखडासुद्धा पडू दिला नाही. आमच्या मुलीचं सोमवारी ऑपरेशन आहे आणि तिथे तिचं कुणी नाही. उद्याची गाडी गाठायची आहे. एकेक घोडा मी दात घासायच्या ब्रशने घासलाय, हवं तर भिंगातून तपासा. घ्या हो. काय द्यायचं ते द्या.

गिऱ्हाईक — ताई, रडू नका. पण मला शंभरच्या वर घोडे लागत नाहीत. उरलेले मलाच विकत बसावं लागेल. आणि हे विकणं काय असतं, ते तुमच्या यजमानांना विचारा.

बायको — विचारायला कशाला हवं? बघतेय ना मी.

गिऱ्हाईक — पाव भाव देतो. त्यावर नका ताणू. सकाळी दहाला येतो.

बायको — पाव म्हणाला. पाव भावात काय येतं हो?

नवरा — एक तिकीट. झोपायची जागा नाही मिळणार, दोन रात्री बसून जावं लागेल. रविवारी सकाळी पोचशील.

बायको — पोचशील नाही, पोचाल. तुम्ही जा. तिने फोन केला कुणाला? तुम्हाला. मी समोर दिसले, तर ऑपरेशनच्या आधीच तिचा रक्तदाब वाढायचा.

नवरा — दुपारी मी तिला फोन केला होता. म्हटलं, काय होईल सांगता येत नाही. पैसे कमी पडले तर एकच माणूस येईल, आणि ती आई असेल.

बायको — मला न विचारता सांगून मोकळे झालात?

नवरा — तू मला विचारून टब भरलास का?

बायको — काय म्हणाली?

नवरा — आधी दोनदा विचारलं, ‘आई येणार? नक्की आईच?’

बायको — म्हणजे नकोच म्हणाली. बरोबरच आहे तिचं. नवऱ्याला सोडून आली, तेव्हा बॅग घेऊन उभी होती ती आपल्या दारात. तुम्ही दुकानात होतात. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हटलं, लोक काय म्हणतील, जा परत. पोटच्या पोरीला उंबऱ्यावरून परत पाठवलं मी. आता कोणत्या तोंडाने तिच्या दारात उभी राहू? तिने उघडलंच नाही तर?

नवरा — तिसरा मजला, जिन्यावरून वर गेलं की डावीकडे.

बायको — मी विचारतेय काय आणि तुम्ही सांगताय काय!

नवरा — तेच सांगतोय. म्हणाली, बेल बिघडलीये. आईला म्हणावं, दार जोरात वाजव.