संत्राबाजारातील पाणी पिणाऱ्या पुतळ्याबाबत

नाव गोपिका, मयत देवराव यांची बायको. वय अंदाजे पन्नास. धंदा फुटाणे विकणे. राहणार इतवारी, नागपूर. तारीख २३ मे १९३४. नवऱ्याचे नाव मी घेतले नाही. ते सोबत आलेला गवंडी मारोतराव याने सांगितले.

ठाण्यात जमादारांनी समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझे घरधनी बाजारात संत्र्याच्या पाट्या वाहत. सहा वर्षांपूर्वी तेथील पाणपोईजवळ सिमेंटचा पुतळा बसवला. ढेरपोट्या माणूस ओंजळीने पाणी पीत आहे, पागोटे एका डोळ्यावर घसरले आहे. मूर्तिकाराने तो माझ्या घरधन्यांना पाहूनच केला. येणारेजाणारे हसत. तेही हसत. मला म्हणत, "एकदा तरी येऊन पाहून जाय वं." मला लाज वाटे. ते होते तोवर मी त्या रस्त्याने गेले नाही.

दोन वर्षांपूर्वी ते तापाने वारले. घरात त्यांची तसबीर नाही. तेराव्यानंतर मी पुतळा पाहिला. डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. त्यांचीही तशीच होती. तेव्हापासून फुटाण्यांची टोपली मी तेथेच मांडते.

आज सकाळी आठच्या सुमारास ठेकेदार वसंतराव जागा मोकळी करण्यास माणसे घेऊन आले. त्यांच्याकडील मारोतरावाने घण उचलला तेव्हा मी पुतळ्याला मिठी मारली. ठेकेदार म्हणाले, "काहून अडून राहिली बाई? सिमेंट आहे ते."

मी म्हटले, "मले मालूम आहे जी. पण तोंडावर नका मारू."

मारोतरावाने घण खाली ठेवला. छिन्नीने पुतळा चौथऱ्यापासून सोडवला. चार हमालांनी तो हातगाडीवर घातला. लोक हसत होते. मी गाडीमागून भर बाजारातून घरापर्यंत चालत गेले. मी कोणास दगड मारला हे खरे नाही. पुतळा सोडवून दे असे मारोतरावाला मी सांगितले नव्हते, त्याचा दोष नाही.

ठेकेदारांनी चोरीची खबर दिली होती. पुतळा जप्त करून आणावा काय, असे जमादारांनी माझ्यासमोर विचारले. ठेकेदार म्हणाले, "राहू द्या तिच्यापाशी." खबर मागे घेऊन ते गेले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. अंगठा उठवला आहे. आणखी काही सांगणे आहे काय असे विचारल्यावरून सांगते की, अंगणात दुपारी ऊन येते, वर छप्पर घालायचे आहे. तरी मला लवकर जाऊ द्यावे.