गुडघ्याचं निमित्त

रत्नागिरीत बायकांच्या डॉक्टरांकडे नंबरची वाट बघताना शेजारच्या बाकावरून ऐकू आलं.

"कमळावहिनी, यंदा गौरीपुढे फुगडी घातलीत म्हणे. गुडघे बरे झाले?"

"गुडघ्यांना काही झालंच नव्हतं गो, सुनेत्रा. शिंकल्ये की, उडी मारली की लघवी सुटायची. लाजेनं गुडघे दुखतात सांगायचे. सासूबाई सहा वर्षं तेल चोळत होत्या."

"मग?"

"शेवटी इथे आल्ये. ऑपरेशन करून मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवली, दुसऱ्या दिवशी घरी. डॉक्टरीणबाईंचे उपकार कसे फेडू?"

"सासूबाईंना खरं सांगितलंत?"

"सांगितलं. तेलाची वाटी खाली ठेवली नि म्हणाल्या, मला चाळीस वर्षं होतंय."

"अगो बाई. मग?"

"मग काय, आत त्याच गेल्यात. आजचा नंबर त्यांचा."